हाराखालचा सर्व्हर

चालू सर्व्हरला हार घालू नये, असं कुठल्याही माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नाही. त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी गिरगावात एकही खंडेनवमी काढलेली नसणार. मी काढल्या आहेत, त्यातली एक सांगते.

मी लालबागची. चार-पाच लहान कचेऱ्यांच्या कॉम्प्युटरांची देखभाल करते. त्यातली एक कचेरी म्हणजे गिरगावातल्या वाडीत पहिल्या मजल्यावर असलेलं जुनं प्रकाशन. वर्षभर थोडीफार पुस्तकं काढतात, पण जीव सगळा दिवाळी अंकात. पूर्वी लेखकांचे कागद येत, त्यावर लाल शाई चढे, कागद परत जात. आता एक सर्व्हर आहे. प्रवासी बॅगेएवढी काळी पेटी. तिच्यावर सगळा अंक असतो आणि सगळे एकाच वेळी त्यात लिहितात. ठाण्यात बसलेल्या लेखकाने शब्द टाकला की माहीमला बसलेल्या संपादकबाईंना तो उमटताना दिसतो, आणि बहुतेक वेळा उमटायच्या आतच त्या तो खोडतात.

या सर्व्हरचा बॅकअप, म्हणजे सगळ्याची एक जादा प्रत, मी दर रविवारी दुपारी घेत असे. त्यासाठी वीस मिनिटं सर्व्हर बंद ठेवावा लागे. भाद्रपदातल्या एका रविवारी त्या वीस मिनिटांत एका कथालेखकाची तंद्री मोडली. त्याने संपादकबाईंना फोन केला, बाईंनी मालकांना केला, मालकांनी मला. अंक छापायला जाईपर्यंत सर्व्हर एक मिनिटही बंद होणार नाही, असा हुकूम निघाला.

मी म्हटलं, हरकत नाही, बंद न करता बॅकअप घेता येतो, तोही रोज. ते खरंही आहे. त्या क्षणी डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं गोठवायचं, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. लोक आपले लिहीत राहतात, त्यांचं नवं लिखाण बाजूला साठत जातं आणि आपण गोठवलेल्याची सावकाश नक्कल करतो. कुणाला पत्ता लागत नाही. फक्त ते बाजूचं साठायला डिस्कवर मोकळी जागा लागते. तीच नव्हती. संपादकबाईंनी मुखपृष्ठाचे एकेचाळीस नमुने साठवून ठेवले होते. 'अंतिम', 'अंतिम नवे', 'खरोखर अंतिम', 'हेच अंतिम', असे. ते आवरायला सांगायचं म्हणजे बाईंशी भांडण. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात परळच्या एका दवाखान्याचे कॉम्प्युटर बसले, त्यात गुंतले. मालक दर दोन दिवसांनी विचारत, "मॅडम, बॅकअप चालू आहे ना?" आणि मी म्हणत असे, "हो हो."

असे बावीस दिवस गेले. मला याची लाज वाटते, आणि तेव्हाही वाटत होती. पण 'हो हो' एकदा तोंडातून गेलं की दुसऱ्या वेळी आणखी सोपं जातं.

आता मुद्रितशोधक आजोबांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यामुळेच ही लाज साधी राहिली नाही. आजोबा एक्याऐंशी वर्षांचे, दादरला राहतात. पन्नासेक वर्षं त्यांनी या प्रकाशनाची प्रुफं तपासली. दुसऱ्यांचं लिहिलेलं दुरुस्त करण्यात जन्म गेला, स्वतः एक ओळ लिहिली नाही. या वर्षी संपादकबाईंनी त्यांना गळ घातली आणि त्यांनी लेख लिहायला घेतला. विषय त्यांचाच, 'माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका'. आयुष्यात छापून गेलेली एकेक चूक, तारीखवार. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आता काळा डाग आहे. समोर माणूस आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढणारच. टॅबलेटवर बोराएवढी अक्षरं करून, मान तिरकी धरून, एका बोटाने ते आषाढापासून लिहीत होते. सुरुवातीला ते रोज संध्याकाळी लिहिलेलं पुन्हा कागदावर उतरवून ठेवत. ते पाहून मीच म्हटलं होतं, "आजोबा, डोळे कशाला शिणवता? सर्व्हरवर सगळं सुरक्षित आहे. मी बसलेय ना." त्यांनी कागद सोडला. त्यातलं या बावीस दिवसांचं गेलं असतं तर त्यांच्याच्याने पुन्हा लिहून झालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खंडेनवमीला सकाळी अकराला मी पूजेचा प्रसाद घ्यायला म्हणून गेले. आत पाऊल टाकलं आणि दारातच थिजले.

मधल्या खोलीत चौरंग. त्यावर लाल कापड. कापडावर कागद कापायची सुरी, स्टेपलर, फूटपट्ट्या, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळातली एक लोखंडी पट्टी, आजोबांचं जुनं लाल पेन, आणि मधोमध, मूर्तीच्या जागी, सर्व्हर. त्याला झेंडूचा हार. साधासुधा नव्हे, जाडीत दारावरच्या तोरणाचा धाकटा भाऊ शोभेल असा. तो बरोबर पेटीच्या पुढच्या जाळीवर बसवला होता, जिथून मशीन हवा आत ओढतं. बटणावर कुंकवाचं बोट. ते बटण दाबलं तरी काही होणार नाही अशी सोय मी तीन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती, कारण कुंकू हे बोट टेकवल्याशिवाय लागत नाही हे मला पहिल्याच खंडेनवमीला कळलं होतं. पण आदल्या वर्षापर्यंत सर्व्हर आपल्या कोपऱ्यात असे. चौरंगावर चढायचा मान त्याला यंदा पहिल्यांदा मिळाला होता.

"बंद नाही हां केला," मालक अभिमानाने म्हणाले. वय अडुसष्ट, पूजेसाठी सोवळं नेसलेले. "तुम्ही सांगितलंय ना, एक मिनिटही नाही म्हणून. चालू ठेवूनच उचलला. मी एकीकडून, मावशी दुसरीकडून. वायरसकट."

हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच मला सांगितलं होतं. आत डिस्क गरागरा फिरत असताना मालक आणि कचेरीची साफसफाई, चहापाणी बघणाऱ्या मावशी ती पेटी पालखीसारखी घेऊन खोलीभर चालली होती. मी बॅगेतून लॅपटॉप काढला आणि सर्व्हरचं तापमान पाहिलं. एरवी पन्नाशीत असतं, ते एकाहत्तर झालं होतं. पंख्यात काहीतरी अडकल्याची नोंदही येत होती. काहीतरी म्हणजे काय, ते मला समोर दिसतच होतं.

"काका, हार काढावा लागेल."

मालकांचा चेहरा बदलला. "पूजेतली वस्तू हलवायची नाही. उद्या उत्तरपूजा होईल, सोनं वाहू, मग काढा. वडिलांच्या वेळेला छापखान्यात अख्खं यंत्र दीड दिवस असंच असायचं. कुणी बोट लावत नसे."

"तेव्हा यंत्र बंद असायचं. हे चालू आहे. आत्ता चौदा लोक त्यावर लिहितायत."

"ते कुठे हात लावतायत? ते आपापल्या घरी आहेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हाच नियम मलाही लागू पडतो. घरून लिहिणं म्हणजे हात लावणं नव्हे, तर गॅलरीत बसून बॅकअप घेणं म्हणजेही हात लावणं नव्हे. मालकांना हे एकदम पटलं. "वस्तूला स्पर्श नको, बाकी काय ते करा," म्हणाले आणि आरतीच्या तयारीला लागले. मी गॅलरीत स्टूल टाकून, सर्व्हरपासून दहा पावलांवर, वायफायने त्याच्याशी बोलायला लागले. जवळ गेलं तर पाप, लांबून केलं तर काम.

पहिली अडचण जागेची. संपादकबाईंना फोन लावला. "बाई, थोडी मुखपृष्ठं काढून टाकू?"

"कुठली?"

"तुम्ही सांगा. 'हेच अंतिम'च्या आधीची सगळी?"

"अगं, 'हेच अंतिम' मी नाकारलंय. 'अंतिम'कडे परत आलेय." मग बराच वेळ विचार. "मांजरांची काढ. पण उडी मारणारं मांजर ठेव."

मांजरांची बारा होती. उडी मारणारं एक ठेवून अकरा उडवली. एवढी जागा पुरणार होती, जेमतेम. तापमान शहात्तर.

दुसरी अडचण आजोबा. स्नॅपशॉट घेण्यापूर्वी दोन मिनिटं कुणी मोठी उलथापालथ करत नसेल तर मला बरं वाटतं. गरज नसते, भित्रेपणा असतो. स्क्रीनवर त्यांच्या नावाचा ठिपका एकेक अक्षर पुढे सरकताना दिसत होता. मी फोन केला, "आजोबा, पाच मिनिटं थांबता?"

"पाच मिनिटं थांबलो तर वाक्य विसरेन," ते म्हणाले. "तू तुझं कर, मी माझं करतो. दोघांनाही डोळे कमीच आहेत."

'दोघांनाही' म्हणजे ते आणि मशीन, मी नव्हे, असं मी ठरवून टाकलं. बाराच्या ठोक्याला स्नॅपशॉट घेतला. कुणालाही काही कळलं नाही, ठिपके चालत राहिले. आता त्याची लॅपटॉपवर नक्कल. एरवी वायर जोडली असती तर अर्ध्या तासात झालं असतं. वायफायने लॅपटॉप सांगत होता, तीन तास.

तीन तास सर्व्हर त्या हाराखाली टिकेल का, हाच प्रश्न. आरती सुरू झाली. मालकांनी मोठ्या तन्मयतेने त्याच्या तोंडासमोर धूप ओवाळला आणि तो सगळा धूर जाळीतून आत गेला. ऐंशी.

आरती झाल्यावर मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या. मावशी आमच्याच लालबागच्या. मी चिंतेत दिसले म्हणून विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्या उठल्या, आत गेल्या, मालकांची पाठ वळलेली पाहून सर्व्हरच्या टपावर उलटा हात ठेवला आणि परत आल्या.

"गो बाय, ह्येका ताप इलो हा."

"माहितेय मावशी. पंखा लावूया का समोर?"

मालकांना विचारलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, टेबलपंखा काही आपल्या धंद्याचं हत्यार नाही, तो पूजेत नाही, चालेल. पंखा लावला. लगेच समई फडफडली. मालक ओरडले. समई उद्यापर्यंत विझता कामा नये, ही वडिलांच्या वेळची दुसरी अट. पंखा बंद केला. त्र्याऐंशी. शेवटी मावशींनी तोड काढली. गेल्या वर्षीचे न खपलेले दिवाळी अंक माळ्यावरून काढून त्यांनी समईभोवती भिंत रचली, दोन हात उंच, आणि स्वतः बाजूला तेलाची बुधली घेऊन बसल्या. पंखा पुन्हा लावला. झेंडूच्या पाकळ्या खोलीभर उडायला लागल्या. मालकांना ते दृश्य इतकं आवडलं की त्यांनी फोटो काढून सगळ्या लेखकांना पाठवला. लेखकांनी सर्व्हरवरच त्याखाली हात जोडले, चौदाच्या चौदा जणांनी, आणि त्या भाराने तापमान आणखी दोनने चढलं.

मी गॅलरीत बसून टक्के मोजत होते. चाळीस. पंचावन्न. कुणाला काही सांगायची सोय नव्हती, कारण सगळ्यांच्या मते बॅकअप रोज होत होता आणि आज मी उगाच घाबरट बायकांसारखी वागत होते. मालक तसं म्हणालेही. "रोजचा आहे ना तुमच्याकडे? मग एक दिवस गेला तर काय बिघडलं?" मी केळं सोलत होते, ते हातातच राहिलं. खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "तसंच आपलं, खबरदारी."

सव्वातीनला नक्कल पुरी झाली. मी ती दोनदा तपासली. आजोबांचा लेख आहे ना, एवढंच पाहिलं, आत वाचला नाही. मग पोटभर पेढे खाल्ले.

चारला पाच मिनिटं कमी असताना सर्व्हरने एक बारीक शिट्टी वाजवली आणि गप्प झाला. त्याचे सगळे दिवे विझले. तो केवढी घरघर करत होता, हे तो बंद पडल्यावर कळलं. मला वाटलं, आता मालक कोसळतील. ते चौरंगासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बघितलंत? आपण थांबवला नाही, तर स्वतःहून थांबला. खंडेनवमी आहे. यंत्रालाही कळतं."

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली, आपट्याची पानं वाहिली आणि सर्व्हर माझ्या ताब्यात मिळाला. उघडला तर आत पंख्याला पाकळ्यांचा लगदा, डिस्क खलास. कचेरीतल्या एका जुन्या मशीनवर मी माझी नक्कल चढवली. दुपारपर्यंत अंक जसाच्या तसा उभा राहिला, बाराच्या ठोक्यापर्यंतचा. बारा ते चार एवढंच गेलं. त्या चार तासांत ठाण्याच्या कथालेखकाने कथेचा शेवट बदलला होता, तो गेला. संपादकबाई म्हणाल्या, कथा सुधारली. मालकांनी मला सोनं दिलं आणि सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी मान खाली घालून पाठ पुढे केली.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आजोबांकडे दादरला गेले. बारानंतरचं त्यांचंही गेलं होतं, ते विचारून पुन्हा लिहून घ्यायचं होतं. त्यांनी चहा ठेवला, अंदाजाने कप हुडकले आणि म्हणाले, "तू वाच. कुठे थांबलोय ते मी सांगतो."

मी वाचू लागले. लेख फार मजेदार होता. एका श्राद्धाच्या पत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार आनंद लुटावा' छापून गेलं होतं, एका पाककृतीत मीठ आणि मिरी यांची मापं अदलाबदल झाली होती आणि त्यावर तीन गृहिणी कचेरीत येऊन भांडल्या होत्या. मी हसत वाचत होते, ते मान हलवत होते. मग शेवटून दुसरा परिच्छेद आला.

त्यात लिहिलं होतं की चाळीसेक वर्षांपूर्वी मालकांच्या लग्नाची पत्रिका घरच्याच छापखान्यात छापली. मुहूर्त सकाळी दहा बेचाळीसचा, छापलं बारा बेचाळीस. निम्मी मंडळी आली तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. मालकांच्या वडिलांनी खिळे जुळवणाऱ्याला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. पुढे लिहिलं होतं, 'ही चूक माझ्या नजरेतून सुटली नव्हती. दुसऱ्या प्रुफात मला ती दिसली. त्या वर्षी मला गणपतीला कोकणात जायला रजा दिली नव्हती. भाद्रपदातला राग मार्गशीर्षापर्यंत टिकला, आणि मी सही करून प्रूफ पुढे पाठवलं.'

मी थांबले. आजोबांचा कप बशीवर वाजला.

"हे मी काढलं होतं," ते म्हणाले. "काल एक-दीडला. इतक्या वर्षांनी कशाला, म्हणून."

"ही प्रत बाराची आहे."

"मग परवाची लाव. परवा हे लिहिलेलंच नव्हतं. तुझ्याकडे रोजची असते ना?"

माझ्या तोंडात पुन्हा ते दोन शब्द तयारच होते. मी ते गिळले. "नाही," मी म्हटलं. "बावीस दिवस एकही घेतली नव्हती. कालची पहिली. मी तुमच्याशी खोटं बोलले, सगळ्यांशीच बोलले. काल ती तीन तासांत झाली नसती, तर तुमच्या लेखातले ते बावीस दिवस गेले होते."

मी समोर बसले होते आणि माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, याचंसुद्धा मला बरं वाटलं नाही.

"मी रोज कागदावर उतरवत होतो," ते म्हणाले. "तू म्हणालीस म्हणून सोडलं."

"हो."

"त्या जुळाऱ्याला ठाऊक होतं, प्रुफावर सही माझी आहे. तो बोलला नाही. गपचूप डबा उचलून गेला." त्यांनी चहा संपवला. "मालकांना सांगितलंस तुझं?"

"नाही."

"लाव फोन."

मी लावला. मालक आनंदात होते, मागे कुणीतरी हसत होतं. "बोला मॅडम," ते म्हणाले. आजोबांनी अंदाजाने हात पुढे केला आणि तळवा उघडा ठेवला.

"तुझं बोलून झालं," ते हळूच म्हणाले, "की माझ्याकडे दे."